घर विकले, नळाचे खाते मात्र वडिलांच्याच नावावर

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या वडिलांचे घर निधनानंतर त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्याकडे आले, सात महिने ते बंद राहिले आणि मग दोघांनी मिळून विकले. घर बंद असताना मीटरच्या खड्ड्यावर माती आणि राडारोडा पडलेला असल्यामुळे वाचन होत नव्हते, म्हणून दर दोन महिन्यांना सरासरी १८ युनिटचे देयक येई. वडील आजारी असताना बहिणीने स्वतःच्या बँक खात्यातून ही देयके परस्पर भरली जावीत अशी सूचना दिली होती आणि ती तशीच चालू राहिली. विक्रीपूर्वी त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयाकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. ताब्याच्या दिवसापर्यंतची सर्व देणी विक्रेत्यांनी चुकती केली आहेत, असे खरेदीखतात लिहिले आहे. ताबा देताना मीटरचा आकडा मात्र कोणीच टिपला नाही. त्यानंतर सात महिन्यांनी, खरेदीदाराने घराची दुरुस्ती करून खड्डा मोकळा केल्यावर, चौदा महिन्यांत प्रथमच प्रत्यक्ष वाचन झाले. आधीचा आकडा १,४१२ होता, आता १,७३६ भरला. सरासरीने आकारलेली युनिटे वजा करून उरलेल्या १९८ युनिटांचे एकरकमी देयक वडिलांच्या नावाने आले आहे आणि ते भरण्यास दोन आठवड्यांची मुदत आहे. खरेदीदार म्हणतात, ही जुनी बाकी आहे, तुम्ही भरा. भाऊ म्हणतो, बँकेतील सूचना बंद कर आणि खाते आपल्या वडिलांचे असल्यामुळे जोडणीच बंद करण्याचा अर्ज दे. भगिनी विचारतात, "दाखला माझ्या हातात आहे, घराला कुलूप होते, मग पाणी वापरले कोणी? पण ते कुटुंब सज्जन वाटते आणि थकबाकीदार म्हणून बाबांचे नाव छापलेले मला पाहवत नाही. मी काय करावे?"

उत्तर

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. देयक कोणी भरायचे हा एक आणि वडिलांच्या नावाचे काय हा दुसरा. दुसरा प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, थोड्या संकोचाने लिहिला आहे. पण पत्र लिहायला तुम्हांला त्यानेच भाग पाडले असावे, असे मला वाटते. त्याकडे मी येणार आहे. आधी मुदतीचे पाहू, कारण दोन आठवडे फार लवकर सरतात.

कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरण्याची वाट न पाहता या आठवड्यात कार्यालयाला एक लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, घर विकल्याची व ताबा दिल्याची तारीख, खातेदाराच्या निधनाची तारीख एवढा तपशील देऊन अर्जात तीन मागण्या करा: या देयकाचा आधार तपासावा, चौदा महिन्यांचा वापर ताब्याच्या तारखेला तोडून दोन भागांत दाखवावा आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत विलंब आकार लावू नये व पुरवठा खंडित करू नये. मुदतीच्या आत नोंदवलेली हरकत आणि मुदत उलटून गेल्यानंतरची तक्रार यांना कार्यालयात सारखे वजन मिळत नाही. बहुतेक ठिकाणी वादात नसलेली रक्कम भरून उरलेल्या रकमेवर हरकत घेता येते. तशी सोय असेल तर जो भाग तुम्हांला निर्विवाद आपला वाटतो तेवढा भरून टाका, म्हणजे तुमचा हेतूही कागदावर येतो.

बँकेतील सूचना बंद करावी, हे तुमच्या भावाचे म्हणणे मला मान्य आहे. खरे तर ती ताब्याच्या दिवशीच थांबायला हवी होती. फक्त क्रम सांभाळा. आधी अर्ज द्या, मग सूचना थांबवा आणि तसे खरेदीदाराला कळवा. न सांगता थांबवली तर पुढचे देयक न भरलेले राहील, त्यांना ते कळणारही नाही आणि एका भांडणाची दोन होतील.

जोडणी बंद करण्याचा अर्ज मात्र कृपा करून देऊ नका. त्या घरात आज माणसे राहतात. खात्यावर आपले किंवा आपल्या वडिलांचे नाव आहे म्हणून दुसऱ्याच्या राहत्या घराचे पाणी तोडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. घर विकताना त्यासोबतच्या सोयीही तुम्ही विकल्या आहेत, आणि तुमच्या अर्जामुळे पाणी तुटले तर खरेदीदाराची तक्रार देयकावरून थेट तुमच्या वर्तनावर येईल. शिवाय असा अर्ज करणे म्हणजे, हे खाते अजून आमच्याच ताब्यात आहे, असे तुम्ही स्वतःच लिहून देण्यासारखे आहे. तुम्हांला खात्यातून बाहेर पडायचे आहे. त्याचा मार्ग खाते नव्या मालकाच्या नावावर करणे हा आहे. खाते बंद करणे आणि खाते वर्ग करणे हे दोन वेगळे अर्ज असतात आणि खिडकीवर घाईत चुकीचा नमुना भरला जाणे अगदी सहज घडते, एवढे ध्यानात ठेवा.

आता तुम्ही ज्याचा भक्कम आधार मानता त्या दाखल्याकडे वळू. थकबाकी नसल्याचा दाखला एवढेच सांगतो की त्या दिवसापर्यंत जी देयके काढली गेली होती ती भरलेली आहेत. त्याआधीची देयके सरासरीने काढलेली असतील, तर मीटरमधून प्रत्यक्षात किती पाणी गेले याविषयी तो दाखला काहीही सांगत नाही. सांगूही शकत नाही, कारण दाखला देणाऱ्याने मीटर पाहिलेलाच नसतो. तुमच्या बाबतीत ताब्याच्या दिवशी हिशेबात न आलेले पाणी मीटरमध्ये आधीच नोंदवले गेले असण्याची पुरेपूर शक्यता आहे. म्हणजे दाखला खरा आहे, तुम्ही तो सरळपणे घेतला आहे, आणि तरीही त्यामुळे हा प्रश्न मिटत नाही.

खरेदीखतातल्या वाक्याचेही असेच आहे. ते वाक्य तुम्ही आणि खरेदीदार यांच्यातील करार आहे. पाणीपुरवठा कार्यालय त्या करारात पक्षकार नाही, त्याने त्यावर सही केलेली नाही आणि बहुधा ते वाचलेलेही नाही. घर नोंदणीकृत दस्ताने विकले गेले की पाण्याचे खाते आपोआप नव्या मालकाकडे जाते, अशी अनेकांची समजूत असते. मालकी बदलणे ही एक घटना आहे आणि खाते बदलणे ही दुसरी. कार्यालयाला कोणी कळवले नाही तर त्याच्या दृष्टीने जुना ग्राहक अजून त्या घरात राहतच असतो. त्यातच पाण्याची थकबाकी कोणाच्या गळ्यात पडते याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. काही ठिकाणी ती मालमत्तेवरचा बोजा मानली जाते आणि घराबरोबर नव्या मालकाकडे जाते, काही ठिकाणी ती त्या काळात खातेदार किंवा रहिवासी असलेल्या व्यक्तीकडेच राहते. तुमच्या कार्यालयाचा नियम कोणता, हे त्याच अर्जात लेखी विचारून घ्या. तो कोणताही असला, तरी तो फक्त कार्यालय वसुली कोणाकडून करील एवढेच ठरवतो. तुम्हां दोघांमध्ये न्याय्य वाटा कोणाचा किती, हे त्याने ठरत नाही, ते वापर कधी झाला यावरून ठरते.

कुलूप लावलेल्या घरात पाणी वापरले कोणी, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर, कोणीही नाही, असे असू शकते, आणि तरीही पाणी गेलेले असू शकते. मीटरला वापर आणि गळती यांतला फरक कळत नाही. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षभरात १०,००० लिटरहून अधिक पाणी घालवतो. फ्लशच्या टाकीतील झडप नीट बसत नसेल तर पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहते आणि दिवसाला ७०० लिटरच्या पुढेही जाऊ शकते. वरच्या टाकीचा तरंगता गोळा अडकला तर टाकी भरूनही पाणी येतच राहते व वाहून जाते. माणसे घरात असली की असे काही दोन-चार दिवसांत लक्षात येते. बंद घरात ते महिनोन्महिने चालते, कारण ऐकायला कोणी नसते. घर बंद करताना मीटरजवळची मुख्य तोटी फिरवून बंद केली होती का, हे तुमच्या पत्रात नाही. केली असेल तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. दोघे भाऊ-बहीण आठवून पाहा, शेजाऱ्यांकडे किल्ली होती का तेही आठवा.

खरेदीदारांचे गृहीतही तितकेच तपासून घेण्यासारखे आहे. देयकावर जुने नाव आहे आणि ते मागच्या काळाचे आहे, म्हणून सगळी बाकी जुनी, असे ते मानतात. पण या चौदा महिन्यांपैकी सात महिने घर त्यांच्या ताब्यात होते आणि त्या काळात पाण्यासाठी त्यांनी काहीच भरलेले नाही. त्यात त्यांनी काही लबाडी केली असे मला वाटत नाही. देयके तुमच्या ईमेलवर येत होती आणि तुमच्या खात्यातून भरली जात होती, त्यामुळे त्यांच्यासमोर कागदच आला नाही. हे त्यांना शांतपणे दाखवून देणे एवढेच तुमचे काम आहे.

त्यासाठी हिशेब मांडू. खरेदीदारांनी तुम्हांला प्रत्यक्ष वाचनानंतर महिन्याभराने घेतलेला मीटरचा फोटो पाठवला आहे, त्यात आकडा १,७५७ आहे. म्हणजे एका महिन्यात २१ युनिटे, दिवसाला ०.७ युनिट. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर, तेव्हा हे कुटुंब दिवसाला सुमारे ७०० लिटर पाणी वापरते असे धरता येईल. ताबा ते वाचन हा काळ साधारण २१० दिवसांचा आहे. या दराने त्यांचा वापर १४७ युनिटे होतो. चौदा महिन्यांचा एकूण वापर १,७३६ वजा १,४१२, म्हणजे ३२४ युनिटे. त्यातून १४७ गेली की ताब्यापूर्वीच्या काळासाठी १७७ उरतात. तुमच्या खात्यातून सात देयकांची मिळून १२६ युनिटे आधीच भरली गेली आहेत, त्यामुळे तुमच्याकडे ५१ राहतात. आलेल्या १९८ युनिटांच्या देयकात तुमची ५१ आणि त्यांची १४७, असा हा हिशेब बसतो.

तुम्हांला तो पटणार नाही, कारण बंद घराच्या नावावर त्यात १७७ युनिटे पडतात, म्हणजे दिवसाला ८४० लिटर. पण थांबून त्या आकड्याकडे पाहा. गळक्या नळाने एवढे पाणी जात नाही. बिघडलेला फ्लश आणि त्यासोबत आणखी एखादी गळती, किंवा अडकलेला गोळा, यांनी जाते. दुरुस्ती करताना खरेदीदारांनी न्हाणीघरातील टाकी, झडपा किंवा जमिनीखालची नळवाहिनी बदलली का, हे त्यांना विचारा. प्लंबरचे देयक किंवा कामाआधीचे फोटो त्यांच्याकडे असतील तर त्यांतून बरेच कळेल. गळती सापडून दुरुस्त झाली असेल, तर ताब्यापूर्वीची गळती तुमच्या बाजूची आणि ताब्यापासून दुरुस्तीपर्यंतची त्यांच्या बाजूची, असे मानणे मला रास्त वाटते.

या हिशेबात एक मोकळी जागा आहे आणि ती लपवू नये. पहिले तीन महिने ते कुटुंब तिथे राहत नव्हते, दुरुस्ती चालू होती. ते म्हणतील, त्या काळात आमचा वापर नव्हता. तुम्ही म्हणाल, भिंती फोडून पुन्हा बांधायला, फरशी बसवायला, धुवायला पाणी लागतेच, आणि कामगारांच्या हातून तोटी उघडी राहते ती वेगळीच. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. त्यांच्याकडे पूर्ण झुकते माप टाकून ते तीन महिने शून्य धरले, तरी उरलेल्या चार महिन्यांची त्यांची ८४ युनिटे होतात आणि तुमच्याकडे ११४ येतात. म्हणजे खरे उत्तर तुमच्यासाठी ५१ ते ११४ या पट्ट्यात, दुरुस्तीचा वापर मोठा असेल तर ५१ च्याही खाली आहे. आणि ते म्हणतात तसे पूर्ण १९८ कोणत्याही हिशेबाने होत नाही. दुरुस्तीच्या काळाविषयी कोणाकडेच पुरावा नसेल, तर त्या काळातील वादग्रस्त युनिटे निम्मी-निम्मी वाटून घ्या. त्या थोड्या युनिटांसाठी वकिलाकडे जाणे दोघांनाही महाग पडेल.

मीटरच सदोष असेल का, असा विचार तुमच्या मनात येईल. चाचणी मागण्याचा हक्क तुम्हांला असतो आणि तिचे शुल्कही असते. घरगुती मीटरसाठी असलेल्या आयएसओ ४०६४ या आंतरराष्ट्रीय मानकात नव्या मीटरला नेहमीच्या प्रवाहावर साधारण २ टक्के आणि अगदी मंद प्रवाहावर ५ टक्के इतकी चूक चालते. जुने झालेले यांत्रिक मीटर झिजून बहुतेक वेळा कमीच दाखवतात, जास्त दाखवणारे क्वचित. त्यामुळे या मार्गाने फार काही हाती लागेल असे मला वाटत नाही. त्याऐवजी १,४१२ हा जुना आकडा खरोखर वाचलेला होता की तोही अंदाजच होता, हे कार्यालयाच्या नोंदींत तपासून घ्या. देयकावर वाचनाचा प्रकार छापलेला असतो आणि लोक नेमका तोच रकाना पाहत नाहीत. तो आकडाही अंदाजाचा निघाला, तर वरचा सगळा हिशेब आणखी मागच्या खऱ्या वाचनापासून करावा लागेल.

दरांचा मुद्दा मात्र सोडू नका, कारण दोघांचाही फायदा यातच आहे. पुष्कळ ठिकाणी पाण्याचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिल्या काही युनिटांना कमी दर, पुढच्यांना अधिक. चौदा महिन्यांत गेलेले पाणी एकाच देयकात आले की त्यातला मोठा भाग वरच्या दराने आकारला जातो, जणू ते सगळे दोन महिन्यांत वापरले होते. अर्जात स्पष्ट मागा की १९८ युनिटे संपूर्ण चौदा महिन्यांवर विभागून, प्रत्येक देयककाळाच्या टप्प्यांनुसार पुन्हा आकारावीत. सांडपाण्याचा आकार पाण्याच्या युनिटांवर बसवला जात असेल तर तोही यासोबत कमी होतो. गळती सापडली व दुरुस्त केली याचा पुरावा दिल्यास काही कार्यालये एकदा सवलत देतात, आणि मागील किती काळापर्यंतच्या फरकाची आकारणी करता येते याला काही ठिकाणी मर्यादा असते. दोन्ही गोष्टी विचारून घ्या. या अर्जावर तुमच्यासोबत खरेदीदारांचीही सही असेल तर फार बरे. आपापसात भांडणारे दोघे आणि एकत्र येऊन हिशेब मागणारे दोघे यांना कार्यालय वेगळ्या नजरेने पाहते, आणि एकत्र अर्ज करताना तुमच्यातला ताणही निम्मा उतरतो.

त्यांच्याशी बोलाल तेव्हा देयकाचा फोटो पुढे करून सुरुवात करू नका. आकडे एका कागदावर लिहून न्या. म्हणा, "ताब्याच्या दिवशी आपण दोघांनीही मीटर पाहिला नाही, म्हणून आता अंदाजाने वाटणी करावी लागते आहे. माझा हिशेब असा आहे, तुमचा वेगळा असेल तर तो मांडा." एवढे पुरेसे आहे. भावालाही सोबत न्या, कारण घर दोघांचे होते आणि वाटा दोघांनी उचलायचा आहे. आतापर्यंतची सगळी देयके एकट्या तुमच्या खात्यातून गेली आहेत, याचा हिशेब भावा-बहिणीतही व्हायला हवा. ठरलेला तोडगा चार ओळींत लिहून तिघांच्या सह्या घ्या आणि प्रत कार्यालयाला द्या.

आता वडिलांच्या नावाविषयी. त्या कागदावर ते नाव पाहून तुम्हांला झालेला त्रास मला समजतो, आणि तो क्षुल्लक आहे असे तुम्ही स्वतःला सांगू नका. मात्र कार्यालयाने त्यांना थकबाकीदार ठरवलेले नाही. त्यांच्या नोंदीत ग्राहक म्हणून जे नाव आहे ते यंत्राने छापले आहे, कारण ते हयात नाहीत हे त्या नोंदीला कोणी सांगितलेलेच नाही. खाते वर्ग करण्याच्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि वारस म्हणून तुम्हां दोघांची नावे असलेला दस्त जोडा. वडिलांकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून खरेदीदाराकडे, ही साखळी कागदावर पूर्ण दिसली की नव्या मालकाचे नाव लावणे सोपे जाते. खरेदीखतात हा वारसा नमूद असेलच. त्याची प्रत पुरेल का, हे विचारा. निधनानंतर लगेच हे काम झाले असते तर बरे होते, पण त्या काळात पाण्याच्या खात्याची आठवण फार थोड्यांना राहते.

घर विकायच्या तयारीत असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहितो. खरे काम व्यवहाराच्या दिवशी नसते, ते महिनाभर आधी असते. मीटर कुठे आहे ते शोधा, झाकण उघडते का पाहा, वरची माती काढा. सलग दोन देयके सरासरीने आली असतील तर लेखी अर्ज करून प्रत्यक्ष वाचन करून घ्या, म्हणजे लपलेला फरक खरेदीदार समोर येण्याआधी तुमच्यासमोर येईल. गळती पाहण्यासाठी घरातील सगळे नळ बंद करा, साठवणीची टाकी भरून तिचा गोळा बसला आहे याची खात्री करा आणि मग मीटरवरचे लहान फिरते चक्र पाहा. टाकी भरत असताना पाहिले तर ते फिरणारच आणि तुम्ही विनाकारण घाबराल. सगळे बंद असूनही चक्र हलत असेल, तर कुठेतरी पाणी जात आहे.

ताबा देण्याच्या दिवशी किल्ली हातात देण्यापूर्वी विकणारा आणि घेणारा दोघांनी मीटरपाशी उभे राहावे. काच ओल्या फडक्याने पुसून असा फोटो घ्यावा की मीटरच्या कड्यावर कोरलेला क्रमांक आणि आकडे दोन्ही एकाच चित्रात दिसतील. फक्त आकड्यांचा फोटो कोणत्याही मीटरचा असू शकतो. बहुतेक मीटरवर काळे आकडे पूर्ण घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे त्याचा अपूर्णांक. लाल आकडेही सलग वाचले की वापर दहापट, शंभरपट दिसू लागतो, म्हणून काळे आणि लाल वेगळे लिहावेत. ताबा पावतीत असे वाक्य घालावे: "आज ताबा देताना मीटर क्रमांक अमुक याचे वाचन इतके युनिट आहे, या आकड्यापर्यंतच्या पाण्याचा आकार, त्याचे देयक पुढे कधीही आले तरी, विकणाऱ्याकडे आणि त्यानंतरचा घेणाऱ्याकडे राहील." या वाक्यात तारखेऐवजी आकड्याला महत्त्व दिले आहे ते मुद्दाम. देयकाची तारीख नेहमी मागाहून येते, आकडा मात्र त्या क्षणाचा असतो. घराला बागेचा वेगळा मीटर किंवा दुसरी जोडणी असेल तर प्रत्येकाचे असे वाचन हवे. सामाईक मीटर असलेल्या इमारतीत खाते इमारतीच्या नावावर असते. तिथे व्यवस्थापनाकडून त्या तारखेपर्यंतचा हिशेब लेखी घ्यावा लागतो.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अंतिम वाचनाचा अर्ज, सोबत तो फोटो आणि तुमचा नवा पत्ता कार्यालयाला द्या. अंतिम देयक यायला वेळ लागतो, म्हणून विक्रीच्या रकमेतील एक लहान भाग दोघांच्या विश्वासातील व्यक्तीकडे किंवा वकिलाकडे तोपर्यंत ठेवण्याची पद्धत मला फार उपयोगाची वाटते. घेणाऱ्याने दाखल्यावर विसंबू नये. शेवटची तीन-चार देयके मागून त्यांवरील वाचन प्रत्यक्ष आहे की सरासरीचे, ते पाहावे. दूरवाचनाचा मीटर असेल तर वाचनाची अडचण उरत नाही, पण ऑनलाइन खात्यातून जुन्या मालकाचा फोन आणि ईमेल काढून टाकणे उरते. एरवी घरात कोण कधी असते, हे त्याला पाण्याच्या आकड्यांवरून दिसत राहील. घर विकल्यावर काही काळ रिकामे राहणार असेल, तर मुख्य तोटी बंद करून तसे नव्या मालकाला सांगा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट अजून शिल्लक आहे. जोडणी घेताना वडिलांनी अनामत भरली असेल, तर ती अजून त्या खात्यावर जमा आहे. खाते वर्ग होताना ती नव्या मालकाच्या नावे जाते की वारसांना परत मिळते, हे कार्यालयाच्या नियमावर आणि खरेदीखतात काय लिहिले आहे यावर अवलंबून असते. परत मिळणार असेल, तर ती तुमच्या वाट्याच्या युनिटांमध्ये वळती करून घ्यावी, अशी विनंती त्याच अर्जात शेवटच्या ओळीत लिहा आणि जुनी पावती सापडली नाही तरी थांबू नका; अनामतीची नोंद कार्यालयाच्या खातेवहीत असते, तिचा उतारा मागता येतो.